सीआरएम टॅलीला जोडायचंय, मग २८ हजारांचा क्लास लावू का?

पत्र : सर नमस्कार. मी सांगलीला ठिबक, तुषार आणि पंपांच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे अकाउंट्स बघते. भागीदारी फर्म आहे. गिऱ्हाईक म्हणजे तासगाव, जत, कवठेमहांकाळ आणि पलीकडे अथणीपर्यंतचे डीलर, थोडे शेतकरी थेट येतात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बरीच वर्षं काम केलंय, बीकॉम आहे, कोडिंग येत नाही. आता धाकट्या मालकांनी सेल्सच्या पोरांसाठी सीआरएम (गिऱ्हाईक, चौकशा आणि ऑर्डरींची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) घेतलंय आणि ते टॅलीला जोडायचं म्हणतात. वेंडर म्हणतो ट्रेनिंग दोन तासांचं, झूमवर, बाकी सगळं ऑटोमॅटिक, १ एप्रिलला लाइव्ह. मालक म्हणतात तुम्ही शिका आणि सेल्सच्या सहा पोरांना पण शिकवा. एका ऑनलाइन क्लासची जाहिरात बघितली, सीआरएम इंटिग्रेशनचं सर्टिफिकेट, फी २८ हजार. लावू का? आणि खरं विचारायचं तर हे जोडल्यावर माझं काम राहतंय का? – एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, आधी क्लासचं सांगून टाकतो. नका लावू, निदान आत्ता तरी नको. त्यांना फोन करून एवढंच विचारा की शिकवताना अकाउंटिंगच्या बाजूला कुठलं सॉफ्टवेअर दाखवता. बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं क्विकबुक्स, कारण यूट्यूबपासून सगळीकडचं तयार मटेरियल त्यावरच आहे, आणि क्विकबुक्सने तर २०२३ मध्ये भारतातलं दुकान बंद केलं. ते शिकून सांगलीत करणार काय? टॅली दाखवतो म्हणाले तर पुढचा प्रश्न, बिल-वाइज येणी, म्हणजे कुठल्या बिलाचे किती पैसे यायचेत, ती सीआरएममध्ये कशी दिसतात ते डेमोत दाखवाल का. इथे समोरचा गप्प झाला तर तुमचे २८ हजार वाचले असं समजा.

आता वेंडरचे दोन तास. त्या दोन तासांत तो काय दाखवणार ते बघायच्या आधीच सांगतो, एक नवीन कस्टमर टाकणार, एक ऑर्डर टाकणार, बटण दाबणार, ऑर्डर टॅलीत आलेली दिसणार आणि मालक खूश होणार. त्याचा तो कस्टमर महाराष्ट्रातला असणार, जीएसटी नंबरवाला असणार, डिस्काउंट नसणार, परत आलेला माल नसणार. तुमच्याकडे असलं साधं बिल दिवसातून किती निघतं हो? म्हणून मला जे वाटतं ते असं की ट्रेनिंग घ्यायचंच आहे पण ते तुमच्याच डेटावर, तुमच्याच वाकड्या बिलांवर, आणि विषयसूची तुम्ही ठरवायची, वेंडरने नाही.

त्याच्या आधी एक काम, कॉम्प्युटर न उघडता. धाकट्या मालकांना आणि सेल्सच्या जुन्या माणसाला घेऊन बसा आणि कुठली माहिती कुठे जन्माला येते आणि कुठल्या दिशेने जाते ते कागदावर लिहा. सगळी भांडणं याच्यावरूनच होतात, सॉफ्टवेअरवरून फार कमी. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. नवीन पार्टीची चौकशी सीआरएममध्ये सुरू होते ती तिथेच राहू द्या, पहिली ऑर्डर पक्की झाल्यावरच टॅलीत लेजर, म्हणजे पार्टीचं खातं, उघडलं जावं, नाहीतर प्रदर्शनात कार्ड देऊन गेलेला प्रत्येक माणूस तुमच्या सन्ड्री डेटर्समध्ये, म्हणजे येणेकऱ्यांच्या यादीत, येऊन बसेल. आयटम, एचएसएन (मालाचा जीएसटी कोड), टॅक्स रेट, स्टॉक हे सगळं टॅलीतून सीआरएमकडे जावं, उलटं कधीच नाही. ऑर्डर सीआरएमकडून टॅलीत. बिल मात्र टॅलीतच बनावं आणि बिलाचा नंबर तेवढा परत सीआरएमला दिसावा. येणी आणि जमा टॅलीतून जातील, सेल्सच्या पोरांनी त्या फक्त बघायच्या, बदलायचा अधिकार नाही.

वेंडर म्हणेल आमचं टू-वे सिंक आहे, दोन्हीकडून बदलता येतं. येत असेल. पण दोन्हीकडून बदलता येणारी गोष्ट चुकली की कोणाची चूक हे शोधायला तुम्हीच बसणार आहात, तेव्हा नको म्हणा.

बिल टॅलीतच का, याला कारण आहे. फर्मची उलाढाल २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी ५ कोटींच्या वर गेली असेल तर डीलरच्या बिलांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिलाची नोंद, लागतंच, ऑगस्ट २०२३ पासून ती मर्यादा ५ कोटी आहे, आणि एकदा आयआरएन, म्हणजे पोर्टलने बिलाला दिलेला नंबर, निघाला की पोर्टलवर बिल कॅन्सल करायला २४ तासच मिळतात, त्यानंतर क्रेडिट नोट. सेल्सच्या पोराने तिसऱ्या दिवशी सीआरएममध्ये डील लॉस्ट म्हणून टाकली आणि कनेक्टरने, म्हणजे दोन्ही सॉफ्टवेअर जोडणाऱ्या प्रोग्रॅमने, इकडे टॅलीतलं बिल उडवलं तर काय होईल विचार करा, पोर्टलवर बिल आहे आणि पुस्तकात नाही! बिलाच्या नंबरचंही तसंच, १६ अक्षरांच्या आत आणि वर्षभर एका क्रमाने जायला पाहिजे, त्यात दोन सॉफ्टवेअर नंबर द्यायला लागली की क्रम गेलाच.

आता सराव कुठे करायचा. टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं, फक्त महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखाच चालतात, घरी हात बसवायला तेवढं पुरतं. ऑफिसमध्ये मात्र खऱ्या कंपनीचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि पहिलं काम म्हणजे त्या कंपनीचं नाव बदला, 'सराव' असं काहीतरी ठेवा, कारण कनेक्टर बहुतेक वेळा कंपनी नावावरून ओळखतो आणि एकाच नावाच्या दोन कंपन्या असल्या की सरावातली ऑर्डर खऱ्या पुस्तकात जाऊन पडते. त्या सराव कंपनीत ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल बंद करा. आणि सीआरएमच्या बाजूला कस्टमरचे मोबाइल नंबर बदलून सगळीकडे तुमचा किंवा वेंडरचा टाका, नाहीतर तुम्ही टेस्ट करताय आणि तिकडे जतच्या डीलरला व्हॉट्सॲपवर ऑर्डर कन्फर्म्डचे मेसेज धडाधड जातायत.

मग त्या कंपनीवर वाकडी बिलं चालवा. तुमच्या धंद्यावरून मला सुचतात ती सांगतो, तुम्हाला यापेक्षा जास्त आठवतील.

अथणीचा डीलर घ्या. जीएसटी नंबर २९ ने सुरू होतो, आपला २७, म्हणजे आयजीएसटी, दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर, हे तर तुम्ही झोपेत पण सांगाल. पण तोच डीलर म्हणतो की माल जतच्या शेतकऱ्याच्या रानात उतरवा. बिल अथणीच्या नावावर, माल महाराष्ट्रातच उतरतोय. कायद्याने इथे बिल ज्याच्या सांगण्यावरून निघालं त्याचं मुख्य ठिकाण धरतात, म्हणजे कर्नाटक, म्हणजे आयजीएसटीच. पण पुष्कळ सीआरएम डिलिव्हरीच्या पत्त्यावरून राज्य उचलतात आणि सीजीएसटी-एसजीएसटी लावून मोकळे होतात. कोटेशनवर एक टॅक्स, बिलावर दुसरा, आणि डीलर फोन कोणाला करणार तर तुम्हाला. हे एक उदाहरण वेंडरसमोर चालवा, त्याला किती कळतं ते दहा मिनिटांत समजेल.

दुसरं रेटचं. २२ सप्टेंबर २०२५ ला ठिबक आणि तुषारच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तुमच्या पंपांना १८ तसाच राहिला. टॅलीत तुम्ही तो त्या तारखेपासून बदलला असणार. सीआरएममध्ये आयटम लिस्ट कोणी तरी जुन्या एक्सेलवरून चढवली असेल तर तिथे अजून १२ असू शकतो, आणि द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत असल्या कोटेशनवर बसून भांडायला कोणाला वेळ आहे. म्हणून रेट टॅलीतून जावा म्हटलं. सरावात एका आयटमचा रेट टॅलीत बदला आणि सीआरएममध्ये तो किती वेळाने आणि कसा बदलतो ते बघा, जुन्या ओपन कोटेशनमध्ये काय होतं ते पण बघा, तिथे बहुतेक आपोआप काही होत नाही, कोणाला तरी हाताने काढावी लागतात.

तिसरं म्हणजे नावं, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे. तुमच्या टॅलीत पाटील ॲग्रो, पाटील ॲग्रो एजन्सी, पाटील ॲग्रो तासगाव आणि पाटील ॲग्रो (जुने) अशी चार लेजर असणार, असतातच, आणि सीआरएममध्ये पोरांनी इंग्रजीत आपापल्या स्पेलिंगने अजून तीन केली असणार. टॅली नावावर चालतं, स्पेलिंग जुळलं नाही की लेजर सापडत नाही म्हणतं. जीएसटी नंबरवरून जुळवू असं वेंडर सुचवेल, पण एकाच नंबरवर एका डीलरची दोन दुकानं असू शकतात आणि तुम्ही त्यांची लेजर मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात, शिवाय थेट शेतकऱ्यांना जीएसटी नंबरच नाही. मोबाइल नंबर पण धड नाही, बापाचा नंबर मुलाच्या नावावर असतो. तेव्हा प्रत्येक पार्टीला एक कोड द्या, सीआरएममध्ये तो कोड आणि टॅलीत लेजरच्या एलियसमध्ये, म्हणजे दुसऱ्या नावाच्या रकान्यात, तोच कोड. हे साफसफाईचं काम कंटाळवाणं आहे, पण ते तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही, कारण यातला कुठला पाटील चालू आहे आणि कुठला उधारी बुडवून गेला हे तुम्हालाच माहीत.

नावांवरूनच आठवलं, पार्टीच्या नावात दोन शब्द जोडणारी 'अँड'ची ती जिलेबीसारखी खूण असते ना, अमुक अँड सन्स, ती एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅलीकडे डेटा ज्या स्वरूपात जातो त्यात, सरळ चालत नाही, तिला वेगळ्या पद्धतीने लिहावं लागतं. कनेक्टर नीट बनवला नसेल तर फक्त त्याच पार्ट्यांच्या ऑर्डरी अडकतात आणि कोणाला कारण सापडत नाही. एक असली पार्टी टेस्टमध्ये नक्की घ्या.

येण्यांबद्दल मात्र तुम्हाला जरा टोचून बोलतो, राग मानू नका. टॅलीत रिसिट टाकताना पेमेंट कुठल्या बिलासमोर आलं ते अगेन्स्ट रेफरन्सला लावायचं की घाईत ऑन अकाउंट करून टाकायचं, हा आजपर्यंत तुमचा आणि टॅलीचा आपसातला मामला होता. पार्टीची एकूण बाकी बरोबर येत होती, महिन्याने जुळवून घेत होता, कोणाचं काही अडत नव्हतं. आता सीआरएममध्ये ते बिल ओव्हरड्यू म्हणून लाल दिसणार आणि सेल्सचा पोरगा पैसे दिलेल्या डीलरला फोन करून म्हणणार, शेठ तुमचं तीन महिन्यांचं बिल बाकी आहे. असा एक फोन गेला की तो डीलर महिनाभर मालकांना ऐकवतो. म्हणजे जोडणीआधी ऑन अकाउंट पडलेल्या सगळ्या रिसिटा बिलांना लावून घ्या, लेजरला बिल-बाय-बिल चालू आहे का बघा, पुढच्या तारखेचे चेक येण्यांत कसे दाखवायचे आणि बाउन्स झाल्यावर काय करायचं ते ठरवून घ्या. ट्रेनिंगच्या नावाखाली खरं काम हे आहे, आणि ते शिकायला तुम्हाला कोणाची गरज नाही.

तांत्रिक बाजूचं तुम्हाला किती यायला पाहिजे? कोड लिहायला नको. पण काय चाललंय ते कळायला हवं. टॅली तुमच्या ऑफिसच्या मशीनवर आहे आणि सीआरएम इंटरनेटवर, मध्ये वेंडर एक छोटा प्रोग्रॅम बसवतो, तो टॅलीशी एका पोर्टवरून बोलतो, ठरलेला नंबर ९०००, कनेक्टिव्हिटीच्या सेटिंगमध्ये दिसेल. हे चालायला ती मशीन चालू पाहिजे, टॅली उघडं पाहिजे आणि बरोबर कंपनी लोड पाहिजे. संध्याकाळी सातला मेन स्विच बंद करून शटर ओढलं की सिंक पण बंद, सकाळी सगळं एकदम येतं, याला एरर म्हणायचं नाही. एक गोष्ट मात्र कडक सांगा, तो पोर्ट राउटरमधून बाहेर इंटरनेटला उघडून द्यायचा नाही, वेंडर रिमोटने सोपं पडतं म्हणून सुचवेल तरी नाही, कारण तिथे कुलूप असं काही नसतं आणि पुस्तक कोणीही वाचू शकतो.

बाकी एरर लॉग वाचायला शिका. टॅली प्रत्येक वेळी उत्तर देतं, किती नवीन झाले, किती बदलले, किती चुकले, आणि चुकलेल्याचं कारण साध्या इंग्रजीत असतं, अमुक लेजर अस्तित्वात नाही वगैरे. हे वाचता आलं की निम्मे फोन वेंडरला करावेच लागत नाहीत. राउंड ऑफच्या काही पैशांवरून पण बिल अडतं, सीआरएममध्ये डिस्काउंट शेवटी एकत्र कापलेला आणि टॅलीत आयटमवार, मग बेरीज जुळत नाही. आणि नेट गेलं की कनेक्टर तीच ऑर्डर परत पाठवतो. तेव्हा वेंडरसमोर मुद्दाम नेटची वायर काढा, परत लावा, आणि ऑर्डर एकदाच आली की दोनदा ते बघा. दोनदा आली तर पुढचं काहीच बघू नका, आधी ते दुरुस्त करा म्हणा.

अजून एक, कनेक्टर चालतो त्या मशीनवर टॅलीत वेगळ्या युजरने लॉगिन ठेवा, तुमच्या नावाने नको, आणि एडिट लॉग, म्हणजे कोणी काय बदललं याची नोंद, चालू ठेवा. एडिट लॉगची सक्ती एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना आहे, तुमची भागीदारी आहे म्हणून कायद्याने लागत नाही, पण उद्या एखादं व्हाउचर बदललेलं सापडलं तर ते सिंकने बदललं की माणसाने हे दिसायला हवं. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.

सेल्सच्या पोरांचं ट्रेनिंग फार मोठं करू नका. त्यांना टॅली दाखवूच नका. सकाळी रूटला निघायच्या आधी गोडाउनमध्येच, त्यांच्या त्यांच्या मोबाइलवर, अर्धा तास. नवीन पार्टी टाकायच्या आधी शोधायचं, जीएसटी नंबर तोंडी ऐकून टाकायचा नाही तर बिलाचा किंवा सर्टिफिकेटचा फोटो घ्यायचा, आणि बाकी दिसली तरी वसुलीचा फोन करायच्या आधी आज सिंक झालंय का ते बघायचं. झालं. पुढच्या आठवड्यात त्यांनी केलेल्या डुप्लिकेट पार्ट्या त्यांनाच बसवून काढायला लावा, लेक्चरपेक्षा त्याने जास्त कळतं.

१ एप्रिलची तारीख हाणून पाडा. नवीन वर्ष, नवीन बिल सिरीज म्हणून ऐकायला छान वाटतं, पण तेव्हा तुम्ही वर्षअखेरीत बुडालेल्या असता, ओपनिंग बॅलन्स अजून हलत असतात आणि द्राक्षवाल्यांची खरड छाटणी पण त्याच सुमाराला. आत्ता नावं आणि येणी साफ करा, पाऊस लागून गिऱ्हाईक जरा कमी झालं की जुलैमध्ये एकाच पोराचा रूट जोडा, एक पूर्ण महिना, त्या महिन्याच्या विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-१, जाईपर्यंत, मग बाकीचे पाच. आणि ट्रेनिंगची तारीख ११ किंवा २० च्या आसपास ठेवू देऊ नका, तुम्ही रिटर्न भरणार की झूमवर बसणार.

आता नोकरीचं. खोटं सांगत नाही, ऑर्डर बघून हाताने एन्ट्री मारायचं काम कमी होणार, तेवढ्यासाठीच कोणी ठेवलेलं असेल तर त्याच्यावर परिणाम होईल, आणि तुमच्या हाताखाली तशी एखादी मुलगी असेल तर तिला आत्ताच या साफसफाईच्या कामात घ्या म्हणजे तिलाही पुढे काहीतरी हातात राहील. तुमचं काम मात्र जात नाही, ते बदलतं आणि खरं तर वाढतं. रोज सकाळी लॉग बघणं, अडकलेल्या ऑर्डरी सोडवणं, नवीन लेजरला मान्यता देणं, महिनाअखेरीला दोन्हीकडचे आकडे जुळवणं, हे वेंडर करणार नाही आणि धाकटे मालक तर अजिबात नाही. अडचण एवढीच की हे काम कोणाला दिसत नाही. म्हणून सुरू व्हायच्या आधीच मालकांशी बोला की हे माझ्याकडे राहील, याला दिवसाचा अमुक वेळ लागेल आणि पगाराचं काय ते आत्ताच ठरवू. सगळं सुरळीत झाल्यावर विचारलंत तर म्हणतील ऑटोमॅटिकच तर चाललंय.

तुम्हाला पुढे बाहेर पण हे काम करायचं असेल, दुसऱ्या फर्मांना मदत वगैरे, तर झोहो सीआरएमचं ३ युजरपर्यंतचं फ्री अकाउंट काढून घरी खेळत बसा, झोहोचं स्वतःचं अकाउंटिंग पण आहे, झोहो बुक्स, आणि ती दोन एकमेकांना जोडायची सोय झोहोनेच दिलेली आहे, तुमच्या प्लॅनमध्ये ती मिळते का तेवढं बघा, त्यामुळे मध्ये कनेक्टर नसताना हे कसं दिसतं ते कळतं. तो अनुभव आल्यावरही क्लास लावावासा वाटला तर लावा, तेव्हा निदान काय विचारायचं ते माहीत असेल.

वेंडरकडून लेखी काय घ्यायचं ते सांगतो. एक झूमचं सेशन सराव कंपनीवर, तुमच्या उदाहरणांसह, रेकॉर्डिंगसकट. दुसरं, लाइव्ह झाल्यावर पहिल्या महिनाअखेरीला त्याचा माणूस सांगलीत येऊन तुमच्या शेजारी बसणार, दोन दिवस. ट्रेनिंगचे प्रश्न तेव्हाच सुचतात, आधी कितीही डोकं खाजवलं तरी सुचत नाहीत. आणि टॅलीचं नवीन रिलीज आलं की कनेक्टर चालतो का ते तपासायचं काम त्याचं, फुकट की पैसे घेऊन तेही लिहून. शेवटचा हप्ता महिनाअखेरीचे आकडे जुळल्यावर. धाकटे मालक म्हणतील अहो तो ओळखीचा आहे, फोनवर बोलणं झालंय, तरी परचेस ऑर्डरवर हे सगळं टाइप करून मगच त्यांच्यापुढे सहीला ठेवा.